श्वासाचे मार्क

रॅप करणाऱ्यानं श्वास घेतलेला ऐकू येऊ नये, असा एक नियम आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गेली काही वर्षं पाळला जातो. चिखलीपासून लोणारपर्यंत कुठल्याही मंडळाच्या स्पर्धेला जा, परीक्षकांच्या कागदावर चार रकाने सापडतील: ताल, यमक, शब्द, श्वास. पोरं आरशासमोर उभी राहून नाकपुड्या न हलवता बोलायचा सराव करतात. हा नियम कोणी केला असं विचारलं तर लोक माझं नाव सांगतात आणि पुढे 'सर' लावतात. खरं आहे, नियम माझाच. तो चूक आहे हे मला फार लवकर कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो.

या अंकाच्या संपादकांना यातलं काहीच नको होतं. त्यांना क्रमवारी हवी होती. "दिलीपराव, जिल्ह्यातले सर्वश्रेष्ठ दहा रॅपर. तांत्रिक कौशल्य आणि यमकांची शैली, या निकषांवर. तरुण वाचक जोडायचाय." मी म्हटलं, दहा आणू कुठून? तर म्हणाले, "एवढ्या स्पर्धांना बसलात तुम्ही." परीक्षक म्हणजे जणू गोदामवाला, मागाल तितकी पोती काढून देणार. तीनदा नाही म्हणालो, चौथ्या फोनला हो म्हणालो. पण दहा जणांची यादी इथे नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांनी पान उलटावं, पुढे बहुधा राशिभविष्य असेल.

मेहकरला एसटी स्टँडच्या मागे, एका कृषी केंद्राच्या माडीवर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला आतून गादी ठोकलेली, आणि रेकॉर्डिंग सुरू असताना पंखा बंद. आधी मी कॅसेट विकायचो, मग सीडी, मग लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो. ते सगळं मोबाइलनं खाल्लं तेव्हा माईक घेतला. ऑटोवर फिरणाऱ्या जाहिराती, लग्नाची गाणी, हरिपाठ, आणि निवडणूक लागली की सगळ्याच पक्षांची प्रचारगीतं. तणनाशक आणि काकडा एकाच माईकवर. तरुणपणी भजनात तबला वाजवलेला असल्यानं ताल समजायचा. रॅपमधलं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं.

गणपतीच्या दिवसांत मंडळाची पोरं माडी चढून आली.

"भाऊ, यंदा रॅपची स्पर्धा ठेवून राह्यलो. परीक्षक पायजे."

"मले काय समजते त्यातलं?"

"कोणालेच नाई समजत भाऊ. तुमच्याकडं मिक्सर तरी हाय."

एवढ्या पात्रतेवर मी परीक्षक झालो, आणि त्या दिवसापासून भाऊचा सर झालो. माझ्या शेजारी शैलामॅडम बसल्या होत्या. त्या आमच्या गावच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. तिसरी खुर्ची प्रायोजकाच्या माणसाची, ती जिल्हाभर कुठेही तशीच असते. तो माणूस बहुतेक वेळ फोनवर असतो आणि शेवटी विचारतो, "तुमी किती देल्ले? माहे बी तेवढेच लिहा."

मार्क कशाचे द्यायचे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षानं कृषी केंद्राच्या बिलाचा कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "सर, काहीतरी रकाने पाडा." मी चार पाडले. कोणीतरी त्याचा फोटो काढला, तो गावोगावच्या ग्रुपवर फिरला, आणि पुढच्या वर्षी धाड गावच्या स्पर्धेत तोच कागद मला छापील मिळाला. खाली 'निकष: दिलीप सर, मेहकर'.

ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रॅपमध्ये चाल नसते, ठेका असतो. भजनातला धुमाळी समजा. ठराविक ठोक्यांची एक ओळ, आणि त्या ओळीत बोलायचं. गायचं नाही, बोलायचं. पण साधं बोलणं ठेक्याला बांधलेलं नसतं, हे असतं. कच्चा गडी प्रत्येक शब्द ठोक्यावर आपटतो, सुतारानं खिळे ठोकावेत तसा. पक्का गडी ठोक्याच्या थोडा मागे रेंगाळतो, थोडा पुढे धावतो आणि समेला बरोबर घरी येतो. तबलजीला हे चटकन कळतं. म्हणून माझा पहिला रकाना ताल.

दुसरा यमक. इथे माझा जीव जातो. या जिल्ह्यात रॅप करणारा जवळजवळ प्रत्येक जण आईवर रॅप करतो, कारण 'आई'ला 'कमाई' जुळतं, 'भाई' जुळतं, 'लढाई' जुळतं. 'आई' आली की मला पुढच्या तिन्ही ओळी पाठ असतात. एकाला मी यमकाचे कमी मार्क दिले, तर त्याच्या वडिलांचा फोन आला. "सर, पोट्ट्याचं गाणं आईवर होतं. आईचे मार्क कापते काय कोणी?" मी म्हटलं, आईचे नाही हो कापले, यमकाचे कापले. ते म्हणाले, "ते आम्हाले नका समजावू. त्याची माय जेवली नाई कालपासून." लोणारच्या एका स्पर्धकानं तर प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वतःचंच नाव घेतलं. तेही यमकच म्हणायचं, दुसरं काय.

चांगलं यमक ओळीच्या शेवटी पाटी लावून उभं राहत नाही. ते ओळीच्या पोटात असतं, दोन-दोन तीन-तीन अक्षरांचं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते येऊन गेल्यावर कळतं. शैलामॅडमचा कान याबाबतीत माझ्यापेक्षा तीक्ष्ण. पण पोरांना यमकाचं काही पडलेलं नसतं. त्यांना वेग हवा. माझ्या दुकानात बसून ती तासन् तास भांडतात, जगातला एक नंबर कोण, आणि एक नंबर म्हणजे सगळ्यात जोरात पळणारा. शब्द हा माझा तिसरा रकाना, पण ते कळले नाहीत तरी पोरांना चालतं. अशाच एकाचं ऐकून शैलामॅडमनी माझ्या कानाशी विचारलं होतं, "दिलीपराव, हे रॅप आहे की मिरची कांडप?"

आता चौथा रकाना.

माझ्या धंद्यात रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्यानं होतं. एक ओळ बोल, थांब, पाणी पी, दुसरी ओळ बोल. मग मी ते तुकडे कॉम्प्युटरवर जोडतो. पडद्यावर आवाज डोंगरासारखा दिसतो, आणि दोन डोंगरांच्या मध्ये श्वास दिसतो, कापसाच्या बोंडातून निसटलेल्या पुंजक्यासारखा. तो निवडायचा आणि कापायचा. जाहिरातीत श्वास ऐकू आला की गिऱ्हाईक म्हणतं, माणूस दमलेला वाटते. म्हणून मी सगळ्यांचे श्वास कापत आलो. उमेदवारांचे, कीर्तनकारांचे, सेलच्या जाहिरातवाल्यांचे. जोड असा बसवायचा की मध्ये सुई शिरू नये. या कामाचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे. बिलाच्या कागदावर चौथा रकाना पाडताना माझ्या हातानं आपोआप 'श्वास' लिहिलं. माझ्या कानाला श्वास म्हणजे घाण वाटायची.

त्या पहिल्याच स्पर्धेत दोन माणसं होती. त्यांच्यासाठी हा सगळा लेख.

पहिला विकी. हे नाव मी बदललेलं आहे. मोबाइलच्या दुकानातला, देखणा, बोलायला गोड. स्टेजवरचं नाव 'तुफान'. त्यानं गाणं माझ्याकडेच केलं होतं, ओळ-ओळ करून. एका ओळीच्या वेळी खाली स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला आणि तो 'तुफान' या शब्दाच्या पोटात शिरला. मी पुष्कळ खटपट केली, हॉर्न पूर्ण निघाला नाही. शेवटी वर ढोल वाढवून तो दाबला. माझ्याशिवाय कोणालाही कळला नसता. जाताना विकी म्हणाला, "भाऊ, नुसता ठेका द्या स्पर्धेसाठी. अन् आवाजवालं बी द्या एक, सेफ्टीले." दोन्ही पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. सेफ्टी कशाची, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसरा गजानन. सगळे गजूच म्हणतात. सुलतानपूरचा, पस्तिशीचा गृहस्थ, रोज सकाळी मेहकरला येऊन धान्याच्या बाजारात एका अडत्याकडे हर्रास बोलतो. हर्रास म्हणजे लिलाव. ओट्यावर मालाचे ढीग असतात, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि गजू ढिगाशी उभा राहून भाव पुकारतो. एक ढीग सुटला की अख्खा घोळका दुसऱ्या ढिगाकडे सरकतो. त्याच्या दोस्तांनी गंमत म्हणून त्याचं नाव स्पर्धेत दिलं होतं. तो स्टेजवर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सोयाबीनचा भुसा होता.

विकीचं आधी झालं. सुसाट झालं. एक श्वास ऐकू आला नाही, आणि 'तुफान' या शब्दात मला एसटीचा हॉर्न ऐकू आला. मैदान स्टँडपासून कितीतरी लांब, आसपास गाडी नाही. विकी फक्त ओठ हलवत होता.

मग गजू. ठेका सुरू झाला, तो थोडा वेळ नुसताच ऐकत उभा राहिला. मग:

ढीग माझा ओट्यावर, नजर त्याची काट्यावर,
बोली त्याच्या बोटावर, हसू नाही ओठावर,
सांग भाऊ, सांग भाव,

आणि इथे त्यानं माईकमध्ये श्वास घेतला. मोठा, भरभरून, बैलानं हुंदडून यावं आणि फुंकारावं तसा. पब्लिक हसलं. मग आला शेवटचा तुकडा: 'थांबू नको वाटेवर.'

तबल्यात 'खाली' म्हणून एक जागा असते. तिथे डग्गा वाजत नाही, हात हवेत राहतो. ती रिकामी जागा असते म्हणून सम भरल्यासारखी वाटते. गजूचा श्वास बरोबर या 'खाली'च्या जागेवर पडत होता, दर वेळी. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. हर्रासमध्ये 'सांग भाव' म्हणून पुकारणारा श्वास घेतो, आणि त्याच फटीत व्यापारी बोली लावतात. ती फट नसेल तर हर्रासच होत नाही. दुसऱ्या कडव्याला हसणं थांबलं होतं. तिसऱ्याला समोरची माणसं त्या फटीत ओरडून भाव सांगायला लागली. मैदानाचा बाजार झाला होता. एवढ्या वर्षांत एवढा पक्का ताल आणि एवढं पोटातलं यमक मी पुन्हा ऐकलं नाही.

श्वासाच्या रकान्यात मी विकीला दहा दिले आणि गजूला चार. विकी पहिला आला. गजू दुसरासुद्धा नाही, तिसरा.

का, याची दोन उत्तरं आहेत. पहिलं मी मनाशी बरीच वर्षं दिलं. विकी ओठ हलवत होता असं म्हटलं असतं तर आवाजवालं बनवून कोणी दिलं, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि समोर बसलेले निम्मे लोक माझे गिऱ्हाईक. हे उत्तर खरं आहे, पण त्यात मी भित्रा दिसतो, एवढंच. दुसरं उत्तर त्याहून वाईट आहे. मोठ्या भोंग्यांवर माझे जोड ऐकताना मला आनंद झाला होता. कुठे सुई शिरत नव्हती. ते दहा मार्क मी विकीला दिलेच नव्हते. मी मलाच दिले होते.

स्पर्धेनंतर गजू खुर्च्यांमधून वाट काढत आला. चिडलेला नव्हता.

"सर, दम कमी पडला काय माहा?"

तिथे मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "श्वास ऐकू येते गजू. सराव कर."

त्यानं केला. एवढं मन लावून कोणी माझं ऐकलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा. महिन्याभरानं तो माडीवर आला, हातात मोठं पाकीट. "छातीचा फोटो काढला सर. डॉक्टर म्हणे, काहीच नाई, फुप्फुस बैलावानी हाय. मंग ऐकू काऊन येते?" मी तो एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला. मला त्यातलं काय कळणार होतं. तरी पाहत बसलो, कारण त्याच्या तोंडाकडे पाहायचं नव्हतं. शेवटी म्हणालो, "तंबाखू सोड." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. त्यानं तंबाखू सोडला. त्याची बायको संक्रांतीला वाणासोबत तुरीची डाळ घेऊन घरी आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, सरायचे लय उपकार हायेत. मी बारा वर्षं सांगून थकली." माझ्या बायकोला वाटलं मी काहीतरी पुण्य केलंय. ती डाळ आम्ही दोन महिने खाल्ली. रोज वरण वाढताना ती गजूच्या घराचं कौतुक करायची आणि मी ताक मागायचो.

पुढे एकदा कामानं बाजारात गेलो होतो, तर हर्रास चालू. घोळक्याच्या मागे उभा राहिलो. गजू पुकारत होता आणि थांबतच नव्हता. श्वास नाकानं चोरून घ्यायचा, फट ठेवायची नाही, एका ढिगाचा भाव दुसऱ्या ढिगात घुसायचा. एक व्यापारी वैतागून म्हणाला, "गज्या, आम्हाले बोलू देशीन का नाई बे? पाढे म्हणून राह्यला काय?" गजू म्हणाला, "सराव हून राह्यला शेठ, सरावानं होईन." मी तिथून निघालो. ज्या कामासाठी गेलो होतो ते केलंच नाही.

असं चालत राहिलं. स्पर्धा वाढल्या, माझे रकाने वाढले, पोरं स्टेजवर ओठ हलवायला लागली, कारण श्वास न घेता बोलायचं तर दुसरा उपाय नाही. कोणाच्या आवाजात कुठला हॉर्न, हे मी ओळखायचो आणि पेन चालवायचो. दर वर्षी शेवटी परीक्षकांचं मनोगत असतं. दर वर्षी मी एकच वाक्य बोलायचो, "सर्वांनी छान केलं."

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, गजू आला. बसला आणि टेबलावर नवा पेनड्राइव्ह ठेवला.

"सर, आवाजवालं बनवून द्या मले. श्वास कापून. मी व्होठ हालवतो."

"तुले कोणं सांगितलं असं करते म्हणून?"

"सगळेच करते सर. त्या तुफाननं बी पहिल्या खेपेले तेच केलं होतं. पोट्टे आता सांगून राह्यले." मग आवाज उतरवून, माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला, "तुमाले फसवलं त्यानं. तुमी साधे हा."

पंखा बंद होता. खाली कोणीतरी युरियाचं पोतं उतरवत होतं, त्याचा धप्पकन आवाज आला. मी म्हणालो, "मले माहीत होतं गजू."

"कवा?"

"तवाच. त्यात हॉर्न होता. ते आवाजवालं मीच बनवलं होतं."

मी पुढचंही सांगितलं. त्याचा श्वास चूक नव्हता, तो बरोबर 'खाली'च्या जागेवर पडत होता, चार मार्क खोटे होते, मला त्याच रात्री ते माहीत होतं.

"मी एक्स-रे काढला सर," तो म्हणाला.

"हो."

"फुगे फुगवले. सकाळी पळत होतो, कुत्रे मांगं लागत."

"तंबाखू सुटला ते तरी चांगलं झालं," मी म्हणालो. असं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.

"ते चांगलं झालं म्हणून तुमी सुटले काय?" तो उठला. पेनड्राइव्ह खिशात टाकला. दाराच्या गादीपाशी थांबून म्हणाला, "अन् मले एकट्याले सांगून काय फायदा? माहे मार्क पब्लिकसमोर कापले. तिथं सांगा."

मी ठरवलं, सांगायचं. त्याआधी स्पर्धेचा नियम बदलायचा. गंमत अशी की स्पर्धेचा आयोजक आता विकीच. त्याचं स्टेज आणि साउंडचं मोठं काम आहे. मी त्याला म्हटलं, यंदा सगळ्यांना नुसता ठेका द्यायचा, आवाजवालं नाही, आणि श्वासाचा रकाना काढून टाक.

"सर, बॅनर छापून झालं. त्यावर तुमचे निकष हायेत, तुमच्या फोटोसकट."

"फोटो राहू दे. रकाना खोड."

"अन् आवाजवालं बंद केलं तर अर्धे पोट्टे येनार नाईत. तुमी आता काऊन बदलून राह्यले? तवा तर तुमाले आवडलं होतं." तो टोमणा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. वर म्हणाला, "शब्द तर माहेच होते ना सर. व्होठ बी माहेच."

बॅनर लागलं. त्यावर माझा फोटो एका लग्नातला, फेट्यासकट.

गजू आला. नाव पुकारलं, नुसता ठेका लागला. तीच गोष्ट, ओट्यावरची, काट्यावरची. पण मी खोटं लिहिणार नाही, ती पहिल्या खेपेसारखी झाली नाही. इतक्या वर्षांची चोरून श्वास घ्यायची खोड. तो घाईत सुटला, दुसऱ्या कडव्यात अडखळला, ठेका पुढे निघून गेला. गजू थांबला. मग माईक तोंडाजवळ घेऊन, सरळ आमच्या टेबलाकडे पाहत त्यानं एक लांब श्वास घेतला, भोंग्यांमधून मैदानभर ऐकू गेला असा. ठेका फिरून येईपर्यंत थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिथून पुढे तो गजू होता. मागून कोणीतरी भाव ओरडलं.

श्वासाच्या रकान्यात मी दहा दिले. शैलामॅडमच्या कागदावर तीन होते.

"मॅडम, तीन?"

"श्वास केवढा ऐकू आला. तुम्हीच तर शिकवलंत. मी यमक बघत होते बाई आपली, तुम्ही म्हणालात श्वास, तेव्हापासून मी श्वास बघते."

मग मी त्यांना सांगितलं. विकीचा हॉर्न, गजूचे चार, सगळं. भोंगे चालू होते, त्यामुळे मला त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. आयुष्यातली एक गोष्ट मी दबक्या आवाजात सांगायला हवी होती, ती ओरडून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"इतकी वर्षं मी पोरांचे मार्क कापले, तुमच्या शब्दावर," त्या म्हणाल्या. "आता मनोगत आहे ना तुमचं? जा, बोला." आणि त्यांनी तीन खोडून नऊ केले. प्रायोजकाच्या माणसानं तोवर तीनच लिहिले होते, त्यांच्या आधीच्या कागदावरून.

मला माईक दिला. समोर गर्दी, बॅनरवर फेट्यातला मी. शेवटच्या रांगेजवळ गजू हाताची घडी घालून उभा. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सर्वांनी छान केलं."

गजू दुसरा आला. पहिला आला त्याच्या आवाजात माझ्या स्टुडिओच्या खालचा हॉर्न नव्हता. चिखलीच्या कुठल्यातरी स्टुडिओतला कुकर होता.

तर संपादकांच्या चौथ्या फोनला मी हो का म्हणालो, ते आता कळलं असेल. जे मैदानात तोंडातून निघालं नाही ते छापून यावं. विकीला मी आधी कळवलं. तो म्हणाला, "लिहा सर, पन माहं नाव टाकू नका. स्थळं पाहून राह्यलो."

लेख लिहून झाल्यावर मी बाजारात गेलो. मुगाची आवक सुरू झाली होती, ओटे भरले होते. हर्रास आटोपून गजू चहाच्या टपरीवर बसला होता. मी कागद काढले आणि म्हटलं, पब्लिकसमोर नाही जमलं, हे छापून येणार आहे, आधी तू ऐक. त्यानं बाकावर सरकून जागा केली. मी वाचायला लागलो. आजूबाजूचे हमाल, दोन व्यापारी, टपरीवाला, हळूहळू सगळे ऐकायला लागले. मी मान वर न करता वाचत होतो. एक्स-रेपर्यंत आलो. डाळीपर्यंत आलो. लवकर संपावं म्हणून भराभर वाचत होतो.

गजूनं कागदावर हात ठेवला.

"सर, एका दमात वाचून राह्यले तुमी," तो म्हणाला आणि भोवतीच्या माणसांकडे हात केला. "मंधात थांबा. यायले बी काही म्हणायचं असन."